धुक्यातला किल्ला, भाग तिसरा

सेइगो तानिमुराच्या सासूबाई भुलीतून बाहेर आल्या आणि डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "तिसरा भाग दहा तारखेलाच येतोय ना?"

खाटेभोवती डॉक्टर होते, एक नर्स होती, सेइगोची बायको आकिए होती. सगळे एकमेकांकडे बघू लागले. "भुलीमुळे होतं असं," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "काही जण तर गाणी म्हणतात." पण सेइगोला पक्कं ठाऊक होतं, की बाई पूर्ण शुद्धीवर आहेत आणि हा प्रश्न या खोलीत फक्त त्याच्यासाठी आहे.

"दहालाच, आई," तो म्हणाला.

"मग ठीक," असं म्हणून सासूबाई पुन्हा झोपल्या.

तिसरा भाग म्हणजे 'धुक्यातला किल्ला' या गेमचा. गेमचा डबा, पहिल्या भागाच्या कॅसेटसकट, तानिमुरांच्या घरात आला तो अपघातानेच. वर्षअखेरीच्या बाजारातल्या सोडतीत आकिएचा डोळा भात शिजवायच्या कुकरवर होता, आणि निघालं हे. दोन महिने डबा कपाटावर धूळ खात पडला. मग एका रविवारी, बर्फामुळे बाहेर पडता येईना तेव्हा, सेइगोने तो टीव्हीला जोडला आणि पडद्यावरचा तो अंगठ्याएवढा योद्धा इकडे तिकडे फिरवू लागला. मागे सासूबाई मटाराच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"उजवीकडे दार होतं, ते सोडून कुठे निघालात?" त्या म्हणाल्या.

सेइगो घरजावई होता. लग्नाच्या दिवशी त्याने आपलं आडनाव बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवलं आणि तानिमुरा होऊन आत आला, त्याला सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत सासूबाई त्याच्याशी दोनच विषयांवर बोलल्या होत्या: आंघोळीचं पाणी आणि कचऱ्याचा वार. हा तिसरा विषय. सेइगो इतका गडबडला, की योद्धा खड्ड्यात पडून मेला.

त्यानंतर मात्र दोघांचं जमलं ते जमलंच. सेइगो बटणं दाबायचा, सासूबाई हुकूम सोडायच्या. सासरे मासळीबाजारातल्या आपल्या गाळ्यावर लिलाव पुकारायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी तोच गाळा अकरा वर्षं स्वतः चालवला होता, त्यामुळे हुकमाची त्यांना सवय होती. "मारा! मारा! अहो, तो काय तुमचा साहेब आहे का वाकून नमस्कार करायला?" असा आवाज समोर नोझुए-सानच्या घरापर्यंत जायचा. खेळ थांबवायचा झाला, की पडद्यावरचा पहारेकरी एक लांबलचक खूणशब्द सांगायचा. तो उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी हुबेहूब भरायचा. एक अक्षर चुकलं तरी सगळं पाण्यात. सेइगोच्या हस्ताक्षरात 'नु' आणि 'मे' ही जपानी अक्षरं जुळ्या भावंडांसारखी दिसत. त्यापायी एकदा पंधरवड्याची कमाई गेली, तेव्हा सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. पाणीपुरवठा खात्यात सेइगोला लोकांच्या शिव्या खायची सवय होती. पण त्या दोन दिवसांसारखं काही त्याने नोकरीत सोसलं नव्हतं. असे पहिले दोन भाग झाले. आता तिसरा यायचा होता, अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत, दहा तारखेला.

भूल उतरल्यावर तासाभराने डॉक्टरांनी नवरा-बायकोला एका अरुंद खोलीत बोलावलं. तिथे एक टेबल, तीन खुर्च्या आणि कागदी रुमालांचा खोका होता. तो खोका बघूनच सेइगोला काय ते कळलं. कॅन्सर पोटभर पसरला होता. उघडलं आणि तसंच शिवलं.

"चेरीला फुलं येईपर्यंत?" आकिएने विचारलं.

"फेब्रुवारी निघेल," डॉक्टर म्हणाले. "मार्चचं मी काही सांगत नाही." मग म्हणाले, "पेशंटला अर्थात अल्सर सांगू. अल्सर होता, काढला, आता आराम."

"अर्थात," आकिए म्हणाली. तेव्हा असंच करत असत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाहेर पडताना आकिएने पर्समधला आरसा काढला, गालांना थोडा रंग लावला आणि खोलीत शिरताशिरता हसून म्हणाली, "आई, अल्सर होता बघ! इतकं लोणचं खात जाऊ नकोस म्हणून सांगत होते ना!" सेइगो तिच्या मागे उभा राहून मान डोलवत होता. त्याला बोलायचं काम नव्हतं, हे एक बरं होतं.

त्याच्याकडे काम आलं ते वेगळं. पण ते अगदीच किरकोळ वाटत होतं: गेमचा डबा इस्पितळात न्यायचा आणि दहा तारखेला तिसरा भाग विकत आणायचा. बस्स.

डबा आत न्यायला परवानगी लागते, असं मुख्य नर्स सुगाया-सान म्हणाल्या. "वीज लागते ना? मग अर्ज."

अर्ज तळमजल्यावर. तिथल्या खिडकीत एक चष्मेवाला कारकून होता. त्याच्या कागदावर विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे प्रकार छापलेले होते: रेडिओ, गरम होणारी गादी, दाढीचं यंत्र. "यातलं कुठलं?"

"कुठलंच नाही."

"मग हे कशासाठी?"

"खेळायला."

"मग नाही," कारकून म्हणाला.

ते 'मग नाही' ऐकताच सेइगोच्या अंगावर काटा आला. तोच सूर, तीच किंचित उचललेली हनुवटी. पाणीपुरवठा खात्यातल्या नळजोडणीच्या खिडकीत बसून तो स्वतः इतकी वर्षं लोकांना नेमक्या याच आवाजात 'मग नाही' म्हणत आला होता. दुसऱ्या बाजूने ते कसं लागतं, याचा त्याला पत्ताच नव्हता. तो मुकाट्याने घरी आला.

संध्याकाळी फाटकातला बर्फ काढताना समोरच्या नोझुए-सानना त्याने सगळं सांगितलं. नोझुए-सान निवृत्त पोस्टमास्तर. गावात त्यांना न विचारता कुणी मांजरसुद्धा पाळत नसे. फावडं रोवून ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात तिथेच चुकलात. खेळ कशाला म्हणता? बोटांचा व्यायाम म्हणा. ऑपरेशननंतरचा."

सेइगोने दुसऱ्या दिवशी 'बोटांचा व्यायाम' सांगितलं. कारकुनाचा चेहरा खुलला. त्याने व्यायाम विभागाकडे पाठवलं. व्यायाम विभागाने रुग्णाची बोटं तपासायला माणूस पाठवला. आणि सासूबाईंनी, कुणीही काही शिकवलेलं नसताना, त्या माणसासमोर बोटं अशी काही थरथरवली की त्याने ताबडतोब शिफारस केली. डबा खोलीतल्या टीव्हीला जोडायचा, अटी दोन: दुपारच्या जेवणानंतरच, आणि आवाज बंद.

"बघितलंत?" माणूस गेल्यावर सासूबाई म्हणाल्या. "बाजारात शिळा मासा ताजा म्हणून कधी घेतला नाही, पण ताजा मासा शिळा ठरवून स्वस्तात कितीदा घेतलाय मी."

दहा तारखेसाठीही नोझुए-सानचा सल्ला तयार होता. न्हाव्याकडे बसून त्यांनी गेमची मासिकं वाचली होती. "टोकियोत रांगा लागतात म्हणे. पोरं शाळा बुडवतात. तुम्ही उजाडताच जा."

म्हणून दहा फेब्रुवारीला उजाडताना सेइगो बंदरावरच्या मारुनी खेळण्यांच्या दुकानासमोर हजर झाला. समुद्रावरून वारा येत होता, शटर अर्धं बर्फात रुतलेलं. आणि रांगेत त्याच्यापुढे कुणी नव्हतं! सेइगोला अभिमान वाटला. टोकियोत लोक धक्के खात असतील आणि इथे तो पहिला. तासभर तो पहिला होता. दुसरा कुणी आलाच नाही, हे त्याला जरासं खटकलं. पण आपल्या गावचे लोक आळशीच, असं म्हणून त्याने मनाचं समाधान केलं.

शेवटी मारुनीचा मालक आतून शटर ढकलत बाहेर आला. "अरे, तानिमुरा-सान! नळाची तक्रार मी कालच केली, आज लगेच आलात?"

"मी तिसऱ्या भागासाठी आलोय."

मालकाने शटर पूर्ण वर केलं. आतल्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता: 'धुक्यातला किल्ला'चा तिसरा भाग काही अडचणींमुळे पुढे ढकलण्यात आला आहे. नवी तारीख चोवीस मार्च. ग्राहकांची क्षमा मागतो.

"कागद आठवडाभर आहे," मालक हळूच म्हणाला. "पण संध्याकाळी शटर लवकर पडतं ना."

सेइगो त्या कागदाकडे बघत राहिला. चोवीस मार्च. डॉक्टर मार्चचं काही सांगत नव्हते.

दुकानात शिरून त्याने काय केलं, ते त्याचं त्यालाही नंतर समजावता आलं नाही. रिकाम्या हाताने इस्पितळात जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. गेमच्या दुनियेत फेब्रुवारी म्हणजे आखातात यलोटेल माशांची झुंबड उडावी तसा महिना. दर आठवड्याला नवीन कॅसेटी येऊन पडत. भिंतीवर त्या झगमगत मांडलेल्या होत्या. सेइगोने त्यातली बेसबॉलची उचलली.

"तिसरा भाग थोडा लांबलाय, आई," दुपारी त्याने सांगितलं. "तोवर हा बघा."

"किती लांबलाय?"

"थोडा."

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. दोन डाव त्यांनी निमूटपणे पाहिले. "नऊ माणसं धावतायत," त्या म्हणाल्या, "आणि पोचत कुठेच नाहीत. बंद करा."

पुढच्या आठवड्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम आला. हा सासूबाईंना आवडला, आणि तोच घात झाला. वळण आलं की त्या खाटेवर वळणाच्या बाजूला कलायच्या. चौथ्या वळणावर टाका दुखला, त्या ओरडल्या, शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी घाबरून घंटा दाबली आणि सुगाया-सान धावत आल्या. "बोटांचा व्यायाम!" त्या सेइगोवर कडाडल्या. "ही बोटं आहेत का?" कॅसेट जप्त झाली. त्रेचाळीस वर्षांचा, टाय घातलेला सरकारी माणूस परिचारिकांच्या खोलीबाहेर उभा राहून कॅसेट परत मागत होता, आणि येणारेजाणारे त्याच्याकडे बघत होते. ती परत मिळाली नाही ती नाहीच.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. गावभर नळ फुटू लागले. खात्यातले फोन खणखणत होते, साहेब होरिकोशी खुर्चीवर उभे राहून माणसं पाठवत होते. अशा वेळी जेवणाच्या सुट्टीत सेइगो हळूच सटकला. त्या दिवशी मासेमारीचा गेम येणार होता. मासळीबाजारात आयुष्य काढलेल्या बाईला मासेमारी! हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

कॅसेट हातात घेऊन तो गल्ल्यापाशी पोचला, तेवढ्यात मागच्या खोलीतून धडाड आवाज झाला आणि बाहुल्यांच्या फळीखालून पाणी वाहत आलं. "पाणीपुरवठा!" मालक ओरडला, जणू ते सेइगोचं नाव होतं. "देव पावला, तुम्ही इथेच आहात!"

सेइगोने गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या हाताने एकही नळ दुरुस्तीला खोलला नव्हता. तो कागदांचा माणूस. पण मालक त्याला दंडाला धरून आत घेऊन गेला. तिथे सेइगो गुडघ्यावर बसला, फुटलेल्या नळीवर आपला कोट गुंडाळला आणि कॅसेट दातांत धरून दोन्ही हातांनी तो कोट दाबून बसून राहिला. थोड्या वेळाने खात्याची गाडी आली. तिच्यातून होरिकोशी स्वतः उतरले.

"तानिमुरा!" साहेब थबकले. त्यांचे डोळे ओले झाले. "आमच्याआधी! जेवणसुद्धा न करता!"

सेइगोच्या दातांत कॅसेट होती. त्याला खुलासा करता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खात्यासमोर त्याचं कौतुक झालं. टाळ्या वाजत असताना सेइगो जमिनीकडे बघत उभा होता. लोकांनी तो विनय समजला. आणि मारुनीच्या मालकाने तर त्याचे दोन्ही हात धरून शब्द दिला, "चोवीस मार्चला पहिली कॅसेट तुमची. ती मी कुणालाही देणार नाही." सेइगोने वाकून आभार मानले. चोवीस मार्च!

मासेमारीचा गेम लागला. पडद्यावर एक माणूस होडीत बसून गळ टाकत होता. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्या आता फार बारीक झाल्या होत्या. मनगटावरचा नावाचा पट्टा कोपरापर्यंत घसरायचा. पडद्यावर 'जुलै' अशी अक्षरं आली आणि गळाला एक भलामोठा यलोटेल लागला.

"जुलै?" सासूबाई म्हणाल्या.

"हो, जुलै दिसतोय."

"जुलैत यलोटेल?" त्या ताठ बसल्या. "कोण हो हा मूर्ख? जुलैत यलोटेल आमच्या आखातात? त्याला म्हणावं, थंडीत ये, वीज कडाडली की येतो हा मासा, तेव्हा बघ! जुलैचा यलोटेल विकणाऱ्याला मी गाळ्यावरून उचलून पाण्यात टाकला असता!" शेजारच्या खाटेवरच्या बाई हसू लागल्या. त्यांचे यजमान कोळी होते. "खरंच की हो," त्या म्हणाल्या, "जुलैत कसा?" मग सासूबाईही हसल्या, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आकिए सफरचंद सोलत होती, तीही हसली. सेइगोला वाटलं, एवढं तरी आपल्या हातून झालं.

त्यानंतर त्या अशा हसल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी भाताची पेज बाजूला सारली. मग सफरचंदही. डोळ्यांना धूसर दिसतं म्हणायच्या. दुपारी झोपायच्या, मध्येच जागायच्या. अशाच एका जागेपणी त्यांनी विचारलं, "तिसरा भाग आला का?"

सेइगोला 'अजून नाही' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "आला."

"आणा मग उद्या."

व्हरांड्यात आकिएने त्याच्या बाहीला धरून ओढलं. "अहो, हे काय बोललात तुम्ही?"

"कसं निघालं कुणास ठाऊक."

आकिए भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "आता बोललात तर आणा. कुठूनही आणा."

कुठून आणणार? त्या संध्याकाळी नोझुए-सानच्या फाटकापाशी सेइगोने त्यांना हे सांगितलं. नोझुए-साननी आधी फाटकावरचा बर्फ झाडला. शेवटी म्हणाले, "दुसरा भाग आहे ना तुमच्याकडे? त्यावर तिसऱ्याचा कागद चिकटवा. तुमच्या सासूबाईंना आता कुठे दिसतंय नीट."

सेइगोला हे अजिबात पटलं नाही. मग आकिएला सांगून त्याने तेच केलं. मारुनीतून जाहिरातीचं पान मागून आणलं, किल्ल्याचं चित्र कापलं, आणि खात्यात नकाशांवर अक्षरं काढायचा ब्रश घेऊन आपल्या सगळ्यात चांगल्या अक्षरात 'भाग तिसरा' लिहिलं. सरकारी नोकरीत त्याने केलेली ही पहिली बनवाबनवी. सुरुवात ओळखीची वाटू नये म्हणून एक जुना खूणशब्द शोधून काढला, उत्तरेच्या बेटावरचा, जिथे ते दोघे क्वचितच गेले होते. 'नु' आणि 'मे' वेगवेगळे काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाटेशेजारी बसला. आकिए कपडे धुवायला घरी गेली होती, शेजारच्या बाई तपासणीला. त्याने कॅसेट सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, अंगठा कागदावरून फिरवला आणि परत दिली. "लावा."

पडद्यावर बर्फाळ गाव उमटलं. सेइगोने योद्ध्याला चालवायला सुरुवात केली. आवाज नव्हता, फक्त बटणांची टिकटिक.

"उजवीकडे," सासूबाई म्हणाल्या.

तो उजवीकडे वळला.

"आता त्या घरामागून. विहीर आहे. तिच्यात किल्ली."

सेइगोचा अंगठा थांबला. घरामागे विहीर होती. "तुम्हाला कसं कळलं, आई?"

"अंदाज." त्या थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "सेइगो."

सेइगोने मान वळवून मागे पाहिलं. खोलीत कुणी दुसरा सेइगो आला की काय, असं क्षणभर वाटलं त्याला. सतरा वर्षं त्या त्याला आदरार्थी 'सान' लावून 'सेइगो-सान' म्हणत आल्या होत्या.

"हा दुसरा भाग आहे," सासूबाई म्हणाल्या.

"माफ करा," तो म्हणाला. "चोवीस मार्चला येतोय. खरा."

"हं. चोवीस मार्च." त्यांनी डोळे मिटले. "तुला खोटं येत नाही बोलता. तुझे कान लाल होतात. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतून आलास, तेव्हाही असेच झाले होते. आकिए म्हणत होती अल्सर, अल्सर, आणि मागे तुझे कान."

पडद्यावर अंधारातून एक वटवाघूळ आलं आणि योद्ध्याला चावलं. सेइगोला दिसलंच नाही.

"अरे, मारेल ते त्याला," सासूबाई म्हणाल्या. "बटण दाब."

त्याने बटण दाबलं. वटवाघूळ मेलं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून त्याला पुढची दोन वटवाघळंही दिसली नाहीत; सासूबाईंनीच सांगून मारवली.

"तेव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"मासा हातात धरला की कळतं रे, किती तासांचा आहे. माझंच पोट मला कळणार नाही?" त्यांनी कोपरापर्यंत घसरलेला पट्टा खाली ओढला. "आकिएला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. ती रोज येते, हसते, सफरचंद सोलते. आपण आईला सांभाळतोय असं वाटतं तिला. सांभाळू दे."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी तुमच्यासाठी आकिएपासून लपवायचं, आकिएसाठी तुमच्यापासून. मी कुणाकडे बघायचं?"

सासूबाई हसल्यासारख्या झाल्या. "तू घरजावई आहेस," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे बघ." मग त्यांनी चादरीवरून हात सरकवला आणि त्याच्या मनगटावर ठेवला. त्यात काही वजनच नव्हतं. "मी तुला फार दिवस पाहुण्यासारखं वागवलं, सेइगो. लिलावात बोली लावताना चूक झाली तर मी तिथल्या तिथे कबूल करायचे. घरात नाही जमलं."

"असं नाही, आई."

"असंच. चल, किल्ली घे. किल्ला गाठ. शेवटी काय होतं मला माहीत आहे, पण पुन्हा बघायचंय."

ते किल्ल्यापर्यंत पोचले नाहीत. संध्याकाळच्या जेवणाची गाडी खडखडत आली तेव्हा योद्धा डोंगराच्या पायथ्याशी होता आणि सासूबाई झोपल्या होत्या. खूणशब्द उतरवून घ्यायला सेइगोकडे कागद होता, पण त्याने डबा तसाच बंद केला.

त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेल्या, सकाळी, आकिए त्यांचे केस विंचरत असताना.

अंत्यविधीला साहेब होरिकोशी आले. रडत रडत त्यांनी सगळ्यांना मारुनीचा नळ सांगितला. नोझुए-साननी फुलं कुठे ठेवायची, चपला कुठे, सगळ्यांना सल्ले दिले, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी एकटेच कितीतरी वेळ पाठ करून उभे राहिले. चोवीस तारखेला मारुनीचा मालक स्वतः घरी आला. त्याने शब्दाप्रमाणे पहिली कॅसेट आणली होती. पैसे घ्यायला तयार होईना. आकिएने ती देव्हाऱ्यात आईच्या फोटोपुढे ठेवली, उदबत्ती लावली, आणि ती तिथेच राहिली.

महिन्याच्या शेवटी ऊन पडलं. अंगणातल्या पाइनच्या झाडाच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून बांधलेले दोर आता सोडायचे होते. सेइगो शिडीवर चढून एकेक दोर सोडत होता, खाली टाकत होता. आकिए ओसरीवर पाय सोडून बसली होती, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून.

"अहो," ती म्हणाली, "एका गोष्टीचं मला फार समाधान आहे."

"कशाचं?"

"आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही. अल्सरच समजत होती ती. आणि तिसरा भागही खेळले, असंच समजून गेली, तुमच्यामुळे. नाहीतर किती घाबरली असती." तिने पेला खाली ठेवला. "कधीकधी वाटतं, कळलं असेल का? तुम्ही दुपारी असायचात तिच्यापाशी. काही म्हणाली का कधी?"

सेइगो झाडाकडे तोंड करून उभा होता. गाठ घट्ट बसली होती. ती त्याने नखांनी सैल केली, दोर ओढून घेतला आणि हातावर गुंडाळू लागला.

"नाही," तो म्हणाला. "काहीच कळलं नाही त्यांना."